उंदरांसाठीचे ट्रोपोनिन एलायझा किट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

तिसऱ्या किटची मागणी नोंदवताना हात आखडला, म्हणून हे लिहीत आहे. सोलापुरातील आमच्या औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयसोप्रोटेरेनॉल देऊन हृदयाला इजा केलेल्या उंदरांच्या सीरममधील कार्डियाक ट्रोपोनिन-आय हे हृदयस्नायूतील प्रथिन आम्ही या एलायझा किटने, म्हणजे रंगाच्या गडदपणावरून प्रथिन मोजणाऱ्या संचाने, मोजतो.

माझी तक्रार पट्ट्यांबद्दल आहे. प्लेटमध्ये आठ वेलच्या (नमुना घालायच्या खळग्यांच्या) 12 पट्ट्या असतात. स्टँडर्डच्या (प्रथिनाचे प्रमाण ठाऊक असलेल्या द्रावणाच्या) सात पातळ्या आणि एक ब्लँक (प्रथिन नसलेला), प्रत्येक दोनदा, यांतच 16 वेल जातात. सगळे नमुने एकदम लावले तर प्रत्येकी दोन वेल धरून 40 उंदीर बसतात. हेच तीन बैठकांत केले तर दर वेळी स्टँडर्डे पुन्हा लावावी लागतात, म्हणून 24. स्टँडर्डांवरून काढलेला मागच्या बैठकीचा आलेख पुढे वापरावा म्हटले, तर टीएमबी या रंग देणाऱ्या रसायनाचा निळा रंग किती चढेल हे तापमान आणि वेळ यांवर ठरते. मे महिन्यात वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत आम्ही आम्ल घालून रंग पिवळा करेपर्यंत वरची दोन स्टँडर्डे 450 नॅनोमीटरवर यंत्राच्या मर्यादेबाहेर गेली होती. काटकसर तिथेच संपली.

पहिल्या किटच्या वेळी मात्र मी अन्याय केला. केवळ सलाइन दिलेल्या धडधाकट उंदरांचेही आकडे चढे आले. शनिवारी निघालेले पार्सल सोमवारी दुपारी आमच्या हाती पडले होते आणि आतले जेल पॅक पाणी झाले होते. त्यामुळे दोष किटचाच, असे मी पुरवठादाराला दोन आठवडे ठणकावून लिहीत राहिलो. त्यांच्या तंत्रज्ञाने अखेर एवढेच विचारले, "रक्त कुठून काढता?" आम्ही थेट हृदयात सुई घालत होतो. हृदयाच्या पेशींना इजा झाली की जे प्रथिन रक्तात उतरते, तेच मोजण्यासाठी आम्ही हृदयाला टोचत होतो!

त्यानंतर पूर्ण भूल देऊन पोटातील महाशिरेतून रक्त घेऊ लागलो, रक्तपेशी फुटल्याने गुलाबी छटा आलेले सीरम टाकून देऊ लागलो, आणि सलाइन गटाचे आकडे आलेखाच्या तळाशी आले. पंचवीस ग्रॅमच्या उंदरात रक्त जेमतेम दोन मिलिलिटर असते. त्यामुळे टाकून दिलेला प्रत्येक नमुना आजही जिवावर येतो.

किट तेच मागवले आहे. सीरम छोट्या नळ्यांत उणे 80 अंशांवर साठवून 40 नमुने एकदम लावणार आहोत. मागणीपत्रावर लाल शाईने लिहिले आहे : शनिवारी पाठवू नये.