लिहून काहीच नाही आणि पार्टनरशिप मोडायचीय: एकाने घ्यायचं, सगळं विकायचं की कोर्टात जायचं?

समजा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, दोघं मित्र, सगळं तोंडी ठरलेलं, आणि आता पटेनासं झालंय. अशा वेळी "कागदच नाही म्हणजे आपला हक्कच नाही" हे आधी डोक्यातून काढा. 1932 चा भागीदारी कायदा लेखी करार मागतच नाही. मुदत ठरलेली नसेल तर ती मर्जीवरची भागीदारी, म्हणजे दोघांपैकी कोणीही लेखी नोटीस देऊन ती मोडू शकतो, समोरच्याची परवानगी लागत नाही. फक्त रागात टाकलेल्या व्हॉट्सअॅप मेसेजवर विसंबू नका, तारीख घालून नीट नोटीस लिहा, स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

नोटीस तिन्ही रस्त्यांवर कामाला येते, खरा प्रश्न त्याच्या पुढचा.

एकाने धंदा घ्यायचा आणि दुसऱ्याने पैसे घेऊन निघायचं, हा रस्ता मला सगळ्यात बरा वाटतो, कारण कनाती, खुर्च्या, जनरेटर हे वापरातला माल म्हणून जे किमतीचं असतं ते विकायला काढलं की निम्म्यावर येतं. पण भांडण होतं ते किमतीवरच. निघणारा गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावाची आणि ओळखीची किंमत, धरतो, राहणारा म्हणतो कसलं गुडविल, फोन तर माझ्याच नंबरवर येतात. यावर एक जुना उपाय आहे, एकाने भाव सांगायचा आणि त्या भावाला घ्यायचं की द्यायचं हे दुसऱ्याने ठरवायचं, मग भाव आपोआप शुद्धीवर येतो. आणि दोघंच असाल तर "अमका रिटायर झाला" एवढंच लिहून भागत नाही, कारण एक गेला की फर्म उरतच नाही, म्हणून फर्म विसर्जित झाली आणि माल, उधारी, देणी, घेतलेले अॅडव्हान्स हे सगळं अमक्याने घेतलं असं स्पष्ट लिहून दोघांच्या सह्या घ्या. टेम्पोच्या लोनला गॅरंटर असाल तर बँकेने लेखी सोडल्याशिवाय सुटलात असं समजू नका, आपसातला कागद बँकेला बांधील नसतो.

सगळं विकून मोकळं होणं कधी बरं, तर दोघांनाही पुढे करायचं नसेल किंवा कोणाकडे एकरकमी पैसेच नसतील तेव्हा. इथे क्रम कायद्याने ठरलेला आहे. समजा विकून आणि उधारी वसूल करून साडेआठ लाख आले. बाहेरच्यांचे 1 लाख आधी. मग एकाने भांडवलाशिवाय वरून घातलेले 50 हजार, ज्यावर वेगळं काही ठरलेलं नसेल तर 6 टक्के व्याजही मिळतं, इथे सोपं जावं म्हणून सोडून देऊ. मग भांडवल, एकाचं 4 लाख आणि दुसऱ्याचं 2. उरला 1 लाख, तो निम्मा-निम्मा. हो, भांडवल दुप्पट असलं तरी निम्मा, कारण प्रमाण ठरल्याचं दाखवता आलं नाही तर नफा-तोटा सारखाच धरतात, आणि "मी रात्रभर मंडपात राबायचो" म्हणून पगारही मागता येत नाही. हे ऐकून बरेच जण परत पहिल्या रस्त्यावर येतात.

कोर्ट शेवटी. महाराष्ट्रात 1984 च्या दुरुस्तीने रजिस्टर नसलेल्या फर्मच्या पार्टनरला हिशोबाचा दावाच बंद केला होता, तो अडसर सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये घटनाबाह्य ठरवला, त्यामुळे दरवाजा उघडा आहे, पण विसर्जनापासून 3 वर्षांच्या आत जावं लागतं. आणि पार्टनरशिप होती हेच आधी सिद्ध करायचं, बँक खातं नि जीएसटी दोन्ही एकाच्याच नावावर असेल तर समोरचा सरळ म्हणतो हा माझ्याकडे कामाला होता. म्हणून यूपीआयचे व्यवहार, नफा वाटल्याचे मेसेज, दोघांच्या नावाने आलेली बिलं आत्ताच काढून ठेवा. माणूस हिशोब दाखवतच नसेल किंवा माल परस्पर हलवत असेल तरच हा रस्ता, नाहीतर वकील आणि तारखा यातच हिस्सा जातो.

कुठलाही रस्ता घ्या, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी पेपरात जाहीर नोटीस द्यायला कंजूषी करू नका, तोपर्यंत दुसऱ्याने फर्मच्या नावावर उचललेली उधारी तुमच्याही गळ्यात येऊ शकते. जीएसटी फर्मच्या नावावर असेल तर निघाल्याचं महिन्याभरात तिकडेही लेखी कळवा.

आणि मंडपवाल्यांनी हिशोबाची तारीख शक्यतो आषाढात धरावी. लग्नसराई संपलेली असते, गणपतीच्या ऑर्डरी उभ्या राहायच्या असतात, म्हणजे सगळ्या खुर्च्या गोडाऊनमध्ये असतात आणि दोघांसमोर मोजता येतात.