ई-एससीआर: न्यायमूर्तींचे निकाल मुळातून वाचण्यासाठी

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सुरू केलेली ई-एससीआर (इलेक्ट्रॉनिक सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स) ही निकालांची ऑनलाइन सेवा पूर्णपणे मोफत आहे आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ती वापरायलाच हवी. न्यायमूर्तींचे नाव, पक्षकार, तारीख, खंडपीठातील न्यायाधीशांची संख्या असे गाळणे लावून निकाल शोधता येतात. संख्येचा गाळणा फार उपयोगी. 1973 चा केशवानंद भारती निकाल 13 न्यायमूर्तींचा, 7 विरुद्ध 6 असा. तिथे प्रत्येक मत कोणाचे हे बघूनच उतारा घ्यावा.

सुरुवातीचे शीर्षटिपण (हेडनोट, म्हणजे निकालाचा थोडक्यात सारांश) सोयीचे असले तरी ते निकालाचा भाग नाही. युक्तिवादात परिच्छेद क्रमांक मूळ निकालातलाच द्या.

शोध फसतो तो बहुधा एका कारणाने: इथे फक्त ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’ या अहवालात छापलेले निकाल आहेत, रोजचे आदेश नाहीत. त्यासाठी न्यायालयाच्या मुख्य संकेतस्थळावर डायरी क्रमांक (प्रकरण दाखल करताना मिळालेला नोंद क्रमांक) टाकावा. न्यायमूर्तींच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग चुकले तरी हाती काही लागत नाही, म्हणून यादीतून निवडलेले बरे.

काही निकालांचे मराठी अनुवाद मिळतात, ही मोठीच सोय. समजून घ्यायला ते उत्तम, पण ग्राह्य इंग्रजी प्रतच.