कारवीच्या नावाखाली ३,४८७ रुपये

कारवीचं बी म्हणून ३,४८७ रुपये मोजले आणि परसात उगवलाय पिवळा कॉसमॉस. मूळचा मेक्सिकोचा, हल्ली हायवेच्या कडेला फुकट माजतो तो.

कुंपणालगत पुरुषभर उंचीचं, सह्याद्रीतलं काहीतरी असावं, सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाश्या याव्यात, एवढीच हौस. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते, हे मला पाठ आहे. पण सगळे डोंगर एकाच साली फुलत नाहीत, त्यामुळे बी कुठून तरी मिळत असेल असं वाटणं हा काही बावळटपणा नाही. थांबायची तयारीही होती. चोराला याहून सोयीचा माल कुठला? फसवणूक कळायलाच सात-आठ वर्षं! पण मेल्याने तेवढाही धीर धरला नाही.

तीन पाकिटं, प्रत्येकी ५९९, म्हणजे १,७९७. कुरिअरचे २४०. मग विकणाऱ्याचा फोन, ‘मॅडम, रानातलं बी आहे, वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, १,४५०.’ क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव आलं कुठल्याशा मोबाइल रिपेअरिंगवाल्याचं. तिथेच! पिन टाकायच्या आधी ते नाव ठळक अक्षरांत समोर होतं, आणि मी ते वाचलंसुद्धा. पण कास पठारावर फुलं तोडायला मनाई, मग परवाना खोटा कसा वाटणार? सरकारी फी खासगी खात्यात जात नाही, हे आता मला कोणी शिकवू नये. तुम्ही लक्षात ठेवा.

पाकिटात निघाल्या काळ्या, बारीक, वाकड्या सुया. कारवीचं बी चपटं असतं. पेरण्याआधी कागदावर पसरून फोटो काढा, मी काढला म्हणून पुरावा तरी आहे.

पुरावा घेऊन काय झालं? बँक म्हणे, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात हवालदार ‘फुलांचं बी?’ म्हणत शेजारच्याकडे बघून हसला. अर्जाची पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला. कृषी कार्यालयात ऐकवलं, १९६६ चा बियाणे कायदा अधिसूचित वाणांना, रानफूल त्यात बसत नाही. वन कार्यालयात, त्यांच्याच नावाने पैसे उकळलेत म्हटल्यावर तरी कोणी चिडेल वाटलं. ‘पावतीवर आमचा शिक्का नाही, मग आमचा काय संबंध?’ शिक्का असता तर मी आलेच कशाला असते!

पैसे गेल्या गेल्या आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, ठाण्याच्या पायऱ्या नंतर. ‘दुर्मिळ’, ‘मर्यादित साठा’ दिसलं की पुढे सरका. देशी फूल हवंच तर खुळखुळा लावा. शेंगा वाजू लागल्या की कोणीही ओंजळभर बी देईल, आणि ब्लू टायगर फुलपाखरं त्याला लगडतात.

त्या माणसाचा नंबर अजून चालू आहे. स्टेटसला कारवीचे डोंगर टाकतो. काल पाकीट ६४९ केलंय.