गॅली प्रूफ प्रेस : एका पावसाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

फोंडा तालुक्यातील एका बंद पडलेल्या छापखान्याकडून मी जुनी गॅली प्रूफ प्रेस, म्हणजे जुळवलेल्या मजकुरातल्या चुका तपासण्यासाठी कच्चा छाप (प्रूफ) काढण्याचे यंत्र, विकत घेतली, त्याला आता एक संपूर्ण पावसाळा उलटून गेला आहे. यंत्राची रचना वाचकांना ठाऊक असेलच : ओतीव लोखंडाचा सपाट बेड, त्याच्या दोन्ही कडांना पट्ट्या, त्यांवरून हाताने ढकलायचा जड सिलिंडर, आणि शाई लावण्यासाठी वेगळा हातरोलर. वीज लागत नाही आणि बिघडण्यासारखेही फारसे काही नाही. तरीही एवढे सविस्तर लिहावे लागत आहे, ते या यंत्राला फासलेल्या हिरव्या रंगामुळे.

घरी आणण्यापूर्वी सिलिंडरची बेअरिंगे साफ करून त्यांत तेल घालावे, एवढेच काम मी एका वर्कशॉपला सांगितले होते. त्यांनी यंत्र ‘नव्यासारखे’ करून दिले, म्हणजे बेड आणि सिलिंडर ज्यांवरून धावतो त्या पट्ट्या धरून सगळीकडे चकचकीत इनॅमल रंग मारला. यंत्रासाठी मोजलेल्या रकमेपेक्षा या न सांगितलेल्या कामाचे बिल मोठे निघाले. तक्रार केल्यावर रंगामुळे लोखंड गंजत नाही, असे सांगून त्यांनी विषय संपवला. पैसे परत मिळाले नाहीत, आणि याचा राग अजून गेलेला नाही.

राग केवळ पैशांचा नाही. खिळ्याची, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षराची, उंची ०.९१८ इंच, म्हणजे सुमारे २३.३ मिलिमीटर ठरलेली असते आणि बेड, पट्ट्या व सिलिंडर यांची सारी मापे त्या एका आकड्याभोवती बांधलेली असतात. पट्टीवर रंगाचा थर चढला की सिलिंडर तेवढा उचलला जातो आणि छाप फिकी पडते. बेडवर रंग चढला की खिळे उचलले जातात आणि दाब वाढतो. माझ्या यंत्रावर दोन्ही झाले होते, शिवाय थर कुठे जाड, कुठे पातळ होता. परिणामी डावीकडच्या ओळी काळ्याकुट्ट आणि उजवीकडच्या अर्धवट उमटत. फिक्या बाजूसाठी सिलिंडरवरचे पॅकिंग (दाब वाढवणारे कागदाचे अस्तर) वाढवले, तर काळ्या बाजूच्या रफारांवर आणि वेलांट्यांवर संकट येते, कारण देवनागरी खिळ्यात मात्रांचे अंगाबाहेर आलेले टोक अतिशय नाजूक असते. शिसे, कथिल आणि अँटिमनीच्या मिश्रधातूचे ते टोक एकदा मोडले की तो खिळा बाद होतो, आणि नवे देवनागरी खिळे ओतून देणारी फाउंड्री आज सहज सापडत नाही.

सुरुवातीच्या महिन्यांत बेडची खोलीही मला खटकत असे, कारण खिळे थेट बेडवर ठेवले की ठसा उमटतच नसे. पुढे जुन्या जुळाऱ्याप्रमाणे (खिळे जुळवणाऱ्या कामगाराप्रमाणे) मजकूर गॅलीसकट, म्हणजे तो ज्यात जुळवून ठेवतात त्या पत्र्याच्या तबकासकट, यंत्रावर चढवला आणि ही तक्रार मागे घेतली. हे यंत्र मुळात जुळवलेला मजकूर गॅलीतून न काढता त्याचे प्रूफ घेण्यासाठी असल्याने त्याचा बेड गॅलीच्या पत्र्याच्या जाडीइतका खाली असतो. नामांकित व्हँडरकुक यंत्रांत ही जादा खोली ०.०५० इंच असे. चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, आवळलेला मजकूर (फर्मा) गॅलीशिवाय छापायचा असेल तर तेवढ्याच जाडीचा पत्रा खाली सरकवावा. तो कायमचा चिकटवू किंवा झाळू नये, कारण तसे केल्यास यंत्राचे मूळ काम संपते. मी नवा पत्रा न घेता फुटक्या गॅलीचा तळ कापून वापरतो आणि तो उत्तम चालतो.

रॉबर्ट व्हँडरकुक यांनी १९०९ साली शिकागोत प्रूफ प्रेसचा कारखाना सुरू केला. सिलिंडरच्या वजनावर विसंबणाऱ्या साध्या गॅली प्रेसपेक्षा नेमका आणि समान दाब देणारी यंत्रे त्यांनी घडवली, त्यामुळे चुका शोधण्यापुरते असलेले प्रूफ पुढे ऑफसेट छपाईच्या प्लेटसाठी फोटो काढायला कॅमेऱ्यासमोर धरण्याइतके स्वच्छ निघू लागले. खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरजुळणी करणारे फोटोटाइपसेटिंग आल्यावर तीही गरज संपली, यंत्रे कवडीमोलाने विकली गेली आणि चित्रकारांनी व हौशी मुद्रकांनी त्यांतली बरीचशी वाचवली. अमेरिकेत पॉल मॉक्सन यांनी शिल्लक व्हँडरकुक यंत्रांची क्रमांकासह नोंद ठेवली आहे. माझ्या यंत्रावर निर्मात्याचे नाव किंवा क्रमांक असलाच, तर तो या रंगाखाली बुजला आहे, आणि मला सर्वांत जास्त खुपते ते हेच.

१५५६ साली जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला, हे आपण प्रत्येक समारंभात अभिमानाने सांगतो. मात्र जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रके आणि लग्नपत्रिका ज्यांवर छापल्या गेल्या, ती विसाव्या शतकातली ट्रेडल (पायाने चालवायची) आणि प्रूफ यंत्रे आपण किलोच्या भावाने भंगारात घालतो. हा अभिमान मला अपुरा वाटतो.

गंजाबद्दल वर्कशॉपचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडे लोखंड एका रात्रीत तांबूस होते. त्यावरचा उपाय मात्र रंग नसून तेल आहे. काम संपल्यावर बेडवर आणि पट्ट्यांवर मशीन तेलाचा पातळ हात फिरवावा, छापण्यापूर्वी तो रॉकेलने पुसून काढावा आणि यंत्रावर सुती कापड घालावे. प्लास्टिकखाली ओल कोंडते. हातरोलर रबरी घ्यावा, कारण सरस आणि काकवीचे जुने रोलर या हवेत मऊ पडतात. तो टांगून ठेवावा, टेकून ठेवल्यास एका बाजूने चपटा होतो. बेडवरचा आणि पट्ट्यांवरचा रंग मी रिमूव्हर आणि लाकडी खरवडणीने काढला. ग्राइंडर लावला असता तर लोखंडही झिजले असते. आता छाप दोन्ही बाजूंना सारखी येते आणि यंत्राबद्दल माझी काहीही तक्रार उरलेली नाही. बाजूच्या पाट्यांवरचा रंग उतरवणे बाकी आहे.

अशी प्रेस कोणी घेणार असेल, तर विक्रेत्याकडून तिच्या जुन्या गॅलीही मागून घ्याव्यात, बेडवर सरळ पट्टी आडवी धरून खळगे तपासावेत आणि दुरुस्तीला देताना कोणत्या भागांना रंग लावायचा नाही हे लेखी द्यावे.