१:१४४ ची यू-९ : काही महिने हाताळल्यानंतर

यू-९ ही दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी. तिच्या टाइप २बी या किनारी जातीचं १:१४४ प्रमाणातलं प्लास्टिक किट घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर : जरूर घ्या. पावसाळ्याआधी जोडून पूर्ण केलं, तेव्हापासून हे मॉडेल काचेच्या कपाटात कमी आणि लोकांच्या हातात जास्त आहे. शाळकरी मुलांना दाखवलंय, मित्रांच्या बैठकीत फिरवलंय, प्रदर्शनाच्या टेबलावर दिवसभर ठेवलंय. त्यामुळे फक्त डबा उघडून किंवा नुकतंच जोडून लिहिलेल्या परीक्षणांत जे येत नाही, ते इथे लिहितो.

पहिली गोष्ट आकाराची. खरी बोट ४२.७ मीटर लांब, म्हणजे मॉडेल जेमतेम तीस सेंटिमीटर. त्याच प्रमाणातली टाइप ७सी ही मोठी जर्मन पाणबुडी शेजारी ठेवलीत तर ती साडेसेहेचाळीस सेंटिमीटर भरते. टाइप ७ मध्ये चौदा टॉर्पेडो, हिच्यात पाच. पुढच्या टोकाला टॉर्पेडो सोडायच्या तीन नळ्या, मागे एकही नाही. पाण्यावर २७९ टन वजन, आत पंचवीस माणसं. ही बोट लहान का होती, हे कळलं की तिचं सगळं आयुष्य कळतं, आणि त्यासाठी हे किट फार उपयोगी पडतं.

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला पाणबुड्या बांधायला बंदी होती. मग १९२२ मध्ये नेदरलँड्समध्ये आयव्हीएस नावाची आरेखन कंपनी उभी करून जर्मन अभियंत्यांनी आपलं कसब परदेशात जिवंत ठेवलं. टाइप २ चा नमुना फिनलंडमधल्या तुर्कू इथे बांधला गेला आणि १९३३ मध्ये पाण्यात उतरला. तोच पुढे फिनिश नौदलाची ‘वेसिक्को’ झाला. आज ती हेलसिंकीजवळच्या सुओमेनलिन्ना बेटावर संग्रहालय म्हणून उभी आहे. फिनलंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी उन्हाळ्यात एकदा आत शिरून बघावं, कारण हे मॉडेल हातात घेऊन जी कल्पना येते ती तिथे पूर्ण होईल. इकडे जर्मनीतल्या कील बंदरात सुटे भाग आधीच तयार करून ठेवले होते. १८ जून १९३५ ला ब्रिटनशी पाणबुड्यांना मुभा देणारा नौदल करार झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, २९ जूनला, यू-१ नौदलात दाखलही झाली! यू-९ कीलच्याच गेर्मानियावेर्फ्ट या गोदीत बांधली गेली आणि २१ ऑगस्टला सेवेत आली. (पुढे अर्ध्या शतकाने आपली आयएनएस शिशुमार ही पाणबुडी याच कील शहरात बांधली गेली.)

आता जोडणीविषयी. भाग कमी आहेत, नवख्यालाही जमतील. पण हलचे, म्हणजे बोटीच्या मुख्य सांगाड्याचे, दोन अर्धे मिळतात तिथे रेघ राहते. पुट्टी लावून, पॉलिश पेपर घासून ती नाहीशी करावी लागते, आणि तसं करताना बाजूच्या पाणी निचऱ्याच्या खाचा बुजतात. त्या बारीक सुईने पुन्हा कोरून घ्या. खाचा नीट दिसल्या नाहीत तर बोट भरीव ठोकळ्यासारखी दिसते. पेरिस्कोप प्लास्टिकचा ठेवू नका, पहिल्याच हाताळणीत मोडेल. मी सुरुवातीलाच पितळी तार बसवली आणि ती अजून सरळ आहे.

डिकॅल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं, हा किटचा कच्चा दुवा. यू-९ च्या टॉवरवर, म्हणजे डेकच्या वर उभ्या मनोऱ्यावर, लोखंडी क्रॉसचं चिन्ह असायचं. २२ सप्टेंबर १९१४ रोजी पहिल्या महायुद्धात कमांडर वेडिगेनच्या, याच नावाच्या जुन्या यू-९ पाणबुडीने अबूकिर, होग आणि क्रेसी या तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या, त्याचा तो वारसा. डब्यातला क्रॉस दमट हवेत कडेने उचलला गेला. मॅट क्लिअर कोटचे दोन हात मारल्यावर तो जो बसला तो बसलाच. आपल्याकडच्या हवेत हे आधीच करून टाका.

हा क्रॉस पाहून मुलं नेहमी विचारतात, “हिने किती जहाजं बुडवली?” मी सरळ सांगतो. डिसेंबर १९३९ च्या अखेरीपासून काही महिने वोल्फगांग ल्यूट तिचा कमांडर होता. जानेवारी १९४० मध्ये त्याने ‘फ्लँड्रिया’ आणि ‘पॅट्रिया’ ही तटस्थ स्वीडनची मालवाहू जहाजं बुडवली. मे महिन्यात, जर्मनीचं पश्चिम युरोपवरचं आक्रमण सुरू होण्याच्या तोंडावर, ‘डोरिस’ ही फ्रेंच पाणबुडी बुडवली. तिच्यावरचं एकही माणूस वाचलं नाही. ल्यूट कट्टर नाझी होता, हेही सांगतो. मॉडेल देखणं आहे म्हणून तिने केलेलं काम देखणं ठरत नाही. मुलांना हे समजतं, त्यांच्यापासून लपवायची गरज नाही.

या किटचा खरा उपयोग मला झाला तो टॉवर न चिकटवल्यामुळे. टॉवरच्या तळाला आणि डेकच्या आतून छोटे चुंबक बसवले. टॉवर उचलून हातात घेतला की १९४२ मध्ये काय घडलं ते दाखवता येतं. काळ्या समुद्रात सोव्हिएत जहाजांविरुद्ध जर्मनीला पाणबुड्या हव्या होत्या, पण तुर्कस्तान तटस्थ होता आणि १९३६ च्या मॉन्त्रो करारानुसार युद्धरत देशांच्या युद्धनौकांना काळ्या समुद्रात नेणारी तुर्की सामुद्रधुनी बंद होती. मग सहा टाइप २बी बोटी, यू-९, १८, १९, २०, २३ आणि २४, कीलमध्ये उकलल्या. टॉवर, इंजिनं, बॅटऱ्या काढल्या. उरलेला सांगाडा कुशीवर वळवून तराफ्यांना बांधला, कालव्याने हॅम्बुर्गला आणि एल्बे नदीतून ड्रेस्डेनपर्यंत ओढत नेला. तिथून कित्येक चाकांच्या ट्रेलरवर चढवून महामार्गाने इंगोलश्टाटला, काळ्या समुद्राला मिळणाऱ्या डॅन्यूब नदीच्या काठी. मग पुन्हा पाणी : लिंझ, गालाट्स, शेवटी काळ्या समुद्रावरचं रुमानियाचं कॉन्स्टान्त्सा बंदर.

मी मॉडेल तळहातावर आडवं करतो. खऱ्या बोटीची रुंदी चार मीटरच्या थोडी वर, म्हणजे मॉडेलची तीन सेंटिमीटरसुद्धा नाही. तेवढ्यात सगळ्यांना उमगतं की हे टाइप ७ बरोबर करता आलंच नसतं. अटलांटिकसाठी जी बोट तोकडी पडली आणि म्हणून १९४० नंतर प्रशिक्षणाला लावली गेली, तिलाच या तोकडेपणामुळे दुसरी रणभूमी मिळाली. प्रदर्शनात शेजारी मोठमोठी विमानवाहू जहाजं होती, तरी लोक या टेबलापाशी जास्त रेंगाळले.

इतक्या महिन्यांत झीज किती? चुंबकाचा सांधा पक्का आहे. डेकवरचा रंग बोटं लागून दोन ठिकाणी चकाकायला लागलाय. मागच्या सुकाणूचा एक पत्रा सैल झाला होता, सुपर ग्लूच्या थेंबाने बसला. किमतीच्या मानाने तक्रार नाही.

ऑक्टोबर १९४२ मध्ये यू-९ पुन्हा सेवेत आली, तिसाव्या फ्लोटिलात, म्हणजे पाणबुड्यांच्या ताफ्यात. मे १९४४ मध्ये तिने ‘श्टोर्म’ या सोव्हिएत गस्ती जहाजाचं नुकसान केलं आणि २० ऑगस्टला कॉन्स्टान्त्सा बंदरात सोव्हिएत विमानांच्या बॉम्बखाली ती बुडाली. तीनच दिवसांनी रुमानियाने बाजू बदलली. यू-१८ आणि यू-२४ जर्मनांनी स्वतःच बुडवल्या. उरलेल्या तिघींना बंदर राहिलं नाही, सप्टेंबरमध्ये त्या तुर्की किनाऱ्याजवळ बुडवून खलाशी किनाऱ्यावर गेले आणि तिथे स्थानबद्ध झाले.

दुसरं किट मागवलं आहे, ते यू-१९ म्हणून करणार आहे. काळ्या समुद्रातल्या तिच्या टॉवरच्या मागच्या बाजूचे स्पष्ट फोटो कुणाकडे असतील तर जरूर कळवा, विमानविरोधी तोफेचा मंच मला प्लास्टिक शीट कापून घडवावा लागणार आहे.