हॉर्न वाजेना म्हणून कळलं

हॉर्न दाखवायला वायरमनकडे गेलो नसतो, तर आपण ९,५०० रुपयांना फसलोय हे मला जन्मात कळलं नसतं.

माझी छोटी पेट्रोल-सीएनजी पिकअप आहे. नारायणगावातून टोमॅटो भरायचा आणि पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायचा, हा धंदा. त्या दिवशी ३० कॅरेट होते, म्हणजे सहाशेक किलो माल. पहाटे खेड घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो, गाडी बंद केली ती परत उठेना. सेल्फ खणखणीत फिरतोय, पण इंजिन धरत नाही. गॅस भरलेला होता, पण त्याचा काय उपयोग? ही गाडी आधी पेट्रोलवर उठते आणि मग गॅसवर जाते.

ढकलत जवळच्या गॅरेजला नेली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं, पाचेक मिनिटं आत काहीतरी केलं आणि हात पुसत विचारलं, "शेठ, टाकीत पेट्रोल किती ठेवता?"

"एखादा काटा."

"मग झालं. इंजिनला पेट्रोल पोचवणारा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्यानेच गार राहतो. तुम्ही कोरडा फिरवून जाळलात."

हे खोटं नाही. सीएनजीवाले पेट्रोल वाचवायला जातात आणि पंप घालवतात, हे मी बाकीच्या ड्रायव्हरांकडूनही ऐकलं होतं. त्यामुळे मी मान खाली घालून ऐकून घेतलं. चूक माझीच, मग भांडायचं कुणाशी?

पंप चाकणवरून आणायचा, टाकी उतरवायची, तीन तास लागतील म्हणाला. "पेट्रोलचा वास असतो, इथे थांबू नका, नाश्ता करून या." आलो तर गाडी चालू. पंपाचे ८,०००, मजुरी १,५००. जुना पंप मागितला तर तो एक्स्चेंजमध्ये गेला म्हणे. कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून दिला. माल यार्डात पोचेपर्यंत बाजार उतरला होता, तो तोटा वेगळाच.

त्या दिवसापासून हॉर्न कधी वाजायचा, कधी नाही. वाटलं, पावसाचं पाणी गेलं असेल. १५ दिवस तसाच हिंडलो. मग अजिबातच वाजेना, तेव्हा गावातल्या वायरमनला दाखवलं.

त्याने मला हॉर्न दाबायला लावला आणि फ्यूज बॉक्समधल्या एका काळ्या डबीवर बोट ठेवलं. टक, टक. "रिले टकटकतोय, पण करंट पुढे जात नाही." रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिले उपसून त्याने मल्टिमीटर लावला. ८५ आणि ८६ नंबरच्या पायांमध्ये आतली कॉइल असते, तिचा रेझिस्टन्स ८० ओहमच्या आसपास आला, म्हणजे कॉइल ठीक. मग त्याच दोन पायांना बॅटरीचे १२ व्होल्ट देऊन ३० आणि ८७ मध्ये मीटर धरला. तिथे जवळजवळ शून्य ओहम यायला हवा होता, पण मीटर ढिम्म. डबीचं टोपण उचकटलं तर आतला कॉन्टॅक्ट कोळशासारखा काळा. तरीही टक आवाज येतच होता. नुसत्या आवाजावर रिले पास करायचा नाही, हे तेव्हा शिकलो.

"भाऊ, हॉर्नचा रिले इतका जळत नाही. हा सतत करंट ओढणाऱ्या जागेवरचा आहे." त्याने झाकणाच्या आतलं चित्र दाखवलं. फ्युएल पंपाचा रिले शेजारीच, डिट्टो तोच नंबर. मग तो गाडीखाली शिरला. टाकीच्या पट्ट्यांच्या बोल्टवर गेल्या पावसाळ्याचा चिखल सुकून दगड झाला होता. पाना लागल्याची एक खूण नव्हती.

म्हणजे त्या माणसाने रिलेंची नुसती अदलाबदल केली होती. हॉर्नचा चांगला पंपाला, पंपाचा जळका हॉर्नला. बाकीचे तीन तास मी ढाब्यावर मिसळ खात बसावं म्हणून. राग येतो तो याचा, की त्याला काम येत होतं. पाच मिनिटांत त्याने बरोबर दोष धरला होता. "रिले गेलाय, ५०० द्या" म्हणाला असता तर वर चहा पाजला असता. नवा रिले मला दोनशेच्या आत मिळाला.

तुमची गाडी अशी अडली तर आधी कान द्या. चावी ऑन केली की टाकीकडून दोन-तीन सेकंद घुंऽऽ असा आवाज येतो आणि थांबतो. तो आला नाही तर फ्यूज पाहा, मग झाकणावरच्या चित्रावरून पंपाचा रिले शोधा आणि चावी बंद करून त्याच नंबरचा दुसरा रिले तिथे बसवून पाहा. गाडी उठली तर पंपाचं नाव कुणाला काढू देऊ नका. तरीही नाही उठली, तर वायरमन रिले काढून सॉकेटच्या ३० आणि ८७ मध्ये फ्यूज लावलेली तार जोडतो. पंप घुमला तर पंप जिवंत आहे. पण ती तार तशीच ठेवून गाडी हाकू नका. अपघातात इंजिन बंद पडल्यावर पंपाचा करंट या रिलेतूनच तोडला जातो, तो मग तुटणार नाही. आणि काही गाड्यांत हा रिले सुटा निघतच नाही, तिथे उचकटाउचकट करू नका.

आठवड्याने मी परत त्या गॅरेजला गेलो, जळका रिले खिशात घेऊन. ओळख दिली नाही त्याने. "आम्ही पंप घातला, गाडी चालतीये ना?" म्हणाला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार करतो म्हटलं.

"करा की. बिल दाखवा."

चिटोऱ्यावर लिहिलं होतं, 'पंप काम ९५००'. ना गॅरेजचं नाव, ना तारीख, ना गाडीचा नंबर.