वाचनासाठी जादूचे प्रयोग : बालविभागातील एका कार्यक्रमाचे परीक्षण

मुलांना वाचनाकडे वळवण्यासाठी जादूचे प्रयोग करणाऱ्या एका व्यावसायिक जादूगाराला आम्ही ग्रंथालयाच्या बालविभागात बोलावले होते. कार्यक्रम पाऊण तासाचा होता आणि समोर सहा ते अकरा वर्षांची चाळीसेक मुले बसली होती. मुले खूप हसली, टाळ्याही भरपूर पडल्या; पण तेवढे कोणत्याही बऱ्या जादूगाराकडे होतेच. म्हणून कार्यक्रम संपल्यावर मुले कपाटांकडे गेली की दाराकडे, आणि कपाटांकडे गेली असतील तर नेमकी कोणत्या प्रयोगामुळे, एवढ्याच गोष्टीकडे मी लक्ष ठेवले होते.

सुरुवात कोऱ्या पुस्तकाने झाली. जादूगाराने पाने भराभर फिरवून ती कोरी असल्याचे दाखवले आणि एका मुलीला पुस्तकावर फुंकर घालायला सांगितले. पुन्हा पाने फिरवली तेव्हा प्रत्येक पानावर चित्रे उमटलेली होती, आणि तिसऱ्या वेळी ती रंगलेलीही होती. हा प्रयोग फार जुना आहे. रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज लेखकाने १५८४ साली हातचलाखीची रहस्ये उलगडून सांगितली, त्यांत अशा पुस्तकाचाही उल्लेख आहे. मुले थक्क झाली, तरीही मला हा भाग कच्चाच वाटला, कारण त्या पुस्तकात वाचण्यासारखे काही नव्हते. ते पुस्तकाच्या आकाराचे जादूचे साहित्य होते. त्याच्या जागी रुमाल किंवा डबा असता तरी मुले तितकीच चकित झाली असती.

पुढच्या प्रयोगात एका मुलाने गोष्टींच्या पुस्तकातले कोणतेही पान उघडून त्यातला एक शब्द मनात धरायचा होता आणि जादूगार तो पाटीवर लिहून दाखवणार होता. शब्द बरोबर निघाला, परंतु खात्रीसाठी मुलाला तो सर्वांसमोर मोठ्याने वाचायला सांगण्यात आले आणि जोडाक्षरापाशी तो अडखळला. मागच्या रांगेतून हसू आले. जादूगाराने विनोद करून वेळ निभावून नेली खरी, पण वाचायला बिचकणाऱ्या मुलांसाठीच हा खटाटोप असताना त्यांच्यापैकी एकाला भर सभेत अडखळायला लावणे मला पटले नाही. मुलाने शब्दावर नुसते बोट ठेवले असते तरी प्रयोग तितकाच रंगला असता.

दहा पुस्तके वाचणाऱ्यास जादूची कांडी बक्षीस, ही घोषणा तर टाळायलाच हवी होती. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या मुलांना मुळातच चित्रे काढायला आवडत होते त्यांना आधी बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावले, तेव्हा पुढे मोकळ्या वेळात ती चित्रकलेकडे कमी वळली. वाचनाची गोडी कांडीच्या मोबदल्यात लावू पाहणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते.

एवढ्या तक्रारींनंतरही हा कार्यक्रम मी चांगला म्हणते, आणि त्याचे सारे श्रेय शेवटच्या दहा मिनिटांना आहे. जादूगाराने एक दोरी घेतली, दोन्ही टोके दोन हातांत धरली आणि ती एकदाही न सोडता दोरीला गाठ मारून दाखवली. मग प्रत्येकाला दोरीचा एकेक तुकडा दिला. मुलांनी परोपरीने प्रयत्न केले, कोणालाही जमले नाही. तेव्हा एका मुलीने विचारले, “पण मग हे कुठे लिहिलंय?” जादूगाराने उत्तर न देता फळ्यावर ७९३.८ एवढाच आकडा लिहिला. ग्रंथालयात पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या ड्युई दशांश वर्गीकरणात जादूच्या पुस्तकांचा हा क्रमांक आहे. (गाठीचे रहस्य मीही येथे सांगणार नाही.)

त्यानंतर बालविभागात जे घडले ते मी सहसा पाहत नाही. मुले पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे वाचत कपाट शोधू लागली, आणि पुस्तक हाती लागल्यावर खरे वाचन सुरू झाले. जादूची कृती वरवर वाचून भागत नाही: “उजवे टोक डाव्या हाताखालून” यातला एक शब्द निसटला तरी गाठ पडत नाही, आणि चुकले हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही, दोरीच सांगते. कथापुस्तकाचे एक पानही पुरे न करणारा एक मुलगा तीच ओळ चार वेळा वाचत होता, तीही कोणी न सांगता.

तयारी मात्र आमची आणि त्यांची, दोघांचीही तोकडी पडली. त्या क्रमांकाची आमच्याकडे चारच पुस्तके होती आणि त्यांतल्या दोहोंची भाषा मोठ्यांसाठी होती. सहा-सात वर्षांची मुले त्यामुळे लवकरच मागे पडली. जादूगारांनी आधी यादी मागवली असती, किंवा आम्ही ती आपणहून पाठवली असती, तर मोठ्या अक्षरांत, चित्रांसह लिहिलेली कृतीची पाने तयार ठेवता आली असती. त्यांना पुन्हा बोलावण्याचे आम्ही ठरवले आहे. कांडीचे बक्षीस वगळावे आणि दोरीला पाऊण तासातला निम्मा वेळ द्यावा, या दोन अटी त्यांना कळवल्या आहेत. चारही पुस्तके अजून बाहेर आहेत आणि देवघेवीच्या खिडकीवर त्यांच्यासाठी नावे लावलेली आहेत.